दोन बोटं बसकी

वाखनिंगन, ११ फेब्रुवारी २०२४

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता खणात टाकशील, हे मला माहीत आहे. मग सरलावहिनी ते खणातून काढून तुझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवतील, हेही माहीत आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, ईमेल उघडत नाहीस, म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडं आलंय, कारण उजव्या तळहाताला जरा खरचटलं आहे. विशेष काही नाही.

भांडायला लिहीत नाहीये. समेट करायलाही नाही. एक तांत्रिक प्रश्न आहे, आणि आयुष्यभर गाड्यांच्या रबराशी झटापट केलेला माणूस मला एकच ठाऊक आहे.

माझी हिरवी शेव्हेल, ती जुनी अमेरिकन गाडी, तुला आठवत असेल. तू आला होतास तेव्हा ती ताडपत्रीखाली उभी होती आणि तू तिला लोखंडाची म्हैस म्हणाला होतास. १९७० सालची आहे. विस्कॉन्सिनला बटाट्याच्या करप्यावर काम करत होते तेव्हापासून मला ही गाडी हवी होती. इथे डच विद्यापीठात नोकरीत कायम झाल्यावर ती नदीपलीकडच्या एका बाईकडून मिळाली. आजच्या गाड्यांसारखी ती एकसंध नाही. खाली चॅसीचा लोखंडी सांगाडा, वर बॉडी, आणि दोहोंच्या मध्ये बोल्टांवर बसवलेल्या रबराच्या जाड गाद्या.

मला ती बॉडी चॅसीवर दोन बोटं खाली बसवायची आहे. स्प्रिंगांना हात लावायचा नाही. स्प्रिंगा कापल्या की गाडी खाली येते, पण मग इथल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासतं आणि हादरे थेट पाठीत जातात. चॅसी आहे तिथेच राहू दे, चाकं आहेत तशीच राहू देत. फक्त वरचं धूड खाली यावं. त्या गाद्या बारीक केल्या तर हे होईल का? किती बारीक करता येतील?

बसकी गाडी छान दिसते, म्हणून विचारते.

वृंदा

वाखनिंगन, ३ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. अख्ख्या पानावर एक शब्द, "कशासाठी?" खाली सहीसुद्धा नाही. तरी मी ते पान दोनदा वाचलं.

बरं, सांगते. माझ्या चाकांच्या खुर्चीची बैठक आणि गाडीची सीट यांच्यात फरक आहे. सीट वर, मी खाली. एक गुळगुळीत फळी असते. ती खुर्ची आणि सीट यांच्यावर पुलासारखी टाकायची आणि त्यावरून सरकायचं. पातळी सारखी असेल तर मी अलगद पलीकडे जाते. चढ असला की सगळं अंग दोन हातांवर उचलावं लागतं, आणि माझा डावा खांदा आता ते करायला तयार नाही. आम्ही सीटखालचे रूळ खाली घेतले, सीटमधला स्पंजही कापला. तरी दोन बोटं उरलीच.

फिजिओनं मला समोर बसवून सांगितलं, की तुझे खांदे हेच आता तुझे पाय आहेत. डावा गेला तर पलंगावर जाणं, अंघोळ, सगळंच दुसऱ्याच्या हातात जाईल. म्हणजे घरही गेलं. तेव्हा ही गाडी एक तर खाली यायला हवी, नाही तर विकायला हवी. घ्यायला माणूसही तयार आहे.

तू म्हणशील, मग ती उचलून घेणारी व्हॅन घे. इथेही सगळे तेच म्हणतात. त्या व्हॅनमध्ये मागचं दार उघडतं, खाली पाटी येते, मी पाटीवर चढते आणि खोक्यासारखी आत जाते. मी बसून पाहिलं आहे. सोय चांगली आहे, ज्यांना हवी त्यांना लाखमोलाची आहे. मला माझ्या गाडीत माझ्या दारानं शिरायचं आहे.

हाताने चालवायचे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर मी शिकले. परीक्षा पास झाले. हे तुला वहिनींनी सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर आता कळलं.

आता तो विषय निघालाच आहे, तर एकदा लिहून टाकते. मज्जारज्जूला सूज येऊन माझे पाय गेले तेव्हा तू रजा टाकून आलास. पुनर्वसन केंद्रात रोज डबा घेऊन यायचास, मुगाची खिचडी आणि कढी. ते मी विसरले नाही आणि विसरणार नाही. पण मी घरी परतले तेव्हा माझे कप वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते, पुस्तकं खोक्यांत भरलेली होती आणि घरं विकणारा माणूस दिवाणखान्याची मापं घेत होता. तू म्हणालास, "वृंदा, एकटीनं राहणं तुला झेपायचं नाही. पुण्याला चल."

मी म्हणाले, "दादा, तू जा."

तू गेलास. माझ्या त्या शब्दांबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. फक्त तू इतका काळ गप्प बसशील असं वाटलं नव्हतं.

गाद्यांचं तेवढं कळव.

वृंदा

वाखनिंगन, ७ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून आम्ही सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि माराइके. शेजारच्या रेनन गावात एका जुन्या गोठ्यात तिचं वर्कशॉप आहे. वेल्डिंग करते, जुन्या अमेरिकन गाड्या सांभाळते, कमी बोलते. मी खुर्चीवरून गाडीखाली पाहू शकत नाही, म्हणून ती फोन काठीला बांधून खाली सरकवते आणि मी पडद्यावर बघून सांगते.

रबराच्या गाद्या काढून त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्या बसवल्या. बरेच लोक असंच करतात. बॉडी एक बोट खाली आली. गाडी अशी दिसायला लागली, की माराइकेच्या शेजारचा शेतकरी ट्रॅक्टर थांबवून बघत राहिला.

पण चालवून पाहिल्यावर कळलं, की रबर गेलं तेव्हा त्याच्याबरोबर बरंच काही गेलं. इंजिनाची थरथर सरळ बॉडीत येते. बॉडीतून सीटमध्ये, सीटमधून माझ्या पायांत. माझ्या पायांना माझं काही ऐकू येत नाही, पण इंजिनाचं ऐकू आलं. ते उड्या मारायला लागले. बाकी ठीक चाललं आहे. पुढच्या बंपरला रंग द्यायचा आहे, तो जरा कुंपणाला घासला.

नदीकाठच्या बागांत सफरचंदं फुलली आहेत. वहिनींना सांग.

वृंदा

वाखनिंगन, १२ मे

दादा,

तुझं चार पानी पत्र कुरिअरनं आलं. पहिली ओळ, "ॲल्युमिनियम कोणाच्या डोक्यातून आलं?" दुसरी ओळ, "कुंपण म्हणजे काय ते नीट लिही."

नीट लिहिते. माराइकेच्या शेताच्या खाजगी रस्त्यावर आम्ही दोघी होतो. रस्ता बांधावरून उतरतो. उतारावर माझा उजवा पाय उडाला आणि ब्रेकच्या पेडलखाली जाऊन अडकला. हातातला ब्रेक सळईनं तेच पेडल दाबतो; मी तो दाबत होते आणि पेडल माझ्याच बुटावर टेकत होतं. माराइकेनं गिअर न्यूट्रलला टाकला. मी स्टिअरिंग वळवून गाडी गवतावर घेतली आणि आम्ही मेंढ्यांच्या कुंपणात जाऊन थांबलो. एकाही मेंढीला काही झालं नाही. मला मात्र थांबल्यावर बराच वेळ स्टिअरिंगवरून हात काढता येईना. माराइके म्हणाली, "उद्या विकायची का?"

मी म्हणाले, "उद्या तुझ्याकडचा वजनकाटा काढ."

कारण तोवर मला कळलं होतं, की चूक गाडी खाली आणण्यात नव्हती. रबर टाकून देण्यात होती, आणि नवं रबर निवडायचं तर कुठे किती ओझं येतं ते मोजायला हवं होतं. आणि मग तुझ्या पत्रात तेच होतं! तू लिहिलंस, की गादी पातळ कर पण रबराचीच ठेव, आणि सगळ्या गाद्या एका कडकपणाच्या ठेवू नकोस. जिथे इंजिन आणि डॅशबोर्डचं ओझं येतं तिथे कडक, सीटखाली मऊ, मागे मध्यम. प्रत्येक ठिकाणचं वजन मागितलंस. ती वजनं सोबत जोडली आहेत. पायांपुढे पत्र्याचा पडदा लाव, म्हणजे पाय पेडलपर्यंत पोचणारच नाही, हेही लिहिलंस. तो पडदा माराइकेनं त्याच आठवड्यात लावला. हे मला आधी सुचायला हवं होतं. तुला सुचलं.

आता भांडण. तू म्हणतोस, गाद्यांनी एक बोट मिळेल, त्यावर समाधान मान. नाही मानणार. उरलेलं एक बोट रोज चढायचं म्हणजे खांदा हळूहळू जाणार, एवढाच फरक. खुर्चीची उशी जाड कर म्हणतोस. करून पाहिली. मग प्रयोगशाळेतल्या टेबलाखाली माझे गुडघे जात नाहीत आणि वळताना तोल जातो. दुसरं बोट गाडीनंच द्यायला हवं. त्यासाठी चॅसीवरचे ब्रॅकेट, ज्यांवर या गाद्या बसतात, ते कापून खाली वेल्ड करावे लागतील.

तू लिहिलंस, वेल्डिंग जिथे संपतं तिथून चीर सुरू होते. मान्य. मग चीर सुरू होऊ नये म्हणून काय करायचं ते सांग. "करू नकोस" हे उत्तर मला चालत नाही, दादा. ते मी तुझ्याकडून एकदा ऐकलं आहे. "कसं" ते सांग.

वृंदा

वाखनिंगन, ७ जुलै

दादा,

वहिनी सुखरूप पोचल्या, हे तुला फोनवर कळलंच आहे. स्किपोलला माझी मैत्रीण चैत्राली त्यांना आणायला गेली होती. ती विमानतळाजवळच बाडहूव्हडॉर्पला राहते. ती सांगत होती, की कस्टमच्या माणसानं बॅग उघडली तर आत वरती गोडा मसाला आणि खाली काळ्या रबराच्या चकत्या, प्रत्येकीवर तुझ्या हातचा पांढरा आकडा. वहिनींनी त्याला मराठीतच समजावलं, की ही नणंदेच्या गाडीची उशी आहे. चैत्राली भाषांतर करेपर्यंत त्यानं बॅग बंद करून दिली होती.

चकत्या भोसरीतल्या तुझ्या जुन्या मित्राकडून ओतून घेतल्यास, पहिला घाणा मऊ आला म्हणून परत पाठवलास, हे मला वहिनींकडून कळलं. तू पत्रात एवढंच लिहिलंस, "सोबत माल पाठवत आहे." मालाखाली तुझी आकृती निघाली. ब्रॅकेट कसे कापायचे, वेल्डिंग कुठे थांबवायचं, आणि प्रत्येकाला खालून आधाराची त्रिकोणी पट्टी कशी द्यायची. माराइकेनं ती आकृती भिंतीला चिकटवली आणि बराच वेळ तिच्यासमोर हात बांधून उभी राहिली. मग म्हणाली, हा माणूस माझ्याकडे कामाला येईल का. मी म्हटलं, तो ऐकणारा नाही.

काम असं झालं. बॉडी लाकडी ठोकळ्यांवर उचलून धरली. एक एक ब्रॅकेट कापला, खाली घेतला, जोडला, थंड होऊ दिला आणि मग पुढचा. सगळे एकदम कापले असते तर बॉडीचा आकार बिघडला असता. मी खुर्चीत बसून प्रत्येक जोडाचं माप घेत होते. वहिनी पहिल्या दिवशी कानात बोटं घालून दारात उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माराइकेचा जुना डगला चढवला आणि बोल्ट घासून पुसून ओळीनं मांडायला सुरुवात केली. त्यांना डच येत नाही, माराइकेला मराठी येत नाही. दोघींचं काही अडलं नाही.

मग बॉडी खाली उतरवली आणि सगळी गंमत सुरू झाली. बॉडी खाली आली, पण इंजिन चॅसीवर होतं तिथेच राहिलं. म्हणजे बॉनेट हवेच्या फिल्टरला लागायला लागलं. रेडिएटर बॉडीबरोबर खाली गेला आणि पंखा त्याच्या कव्हरला घासायला लागला. बंपर चॅसीला धरून असल्यामुळे, गाडीनं भुवया उंचावल्यासारखं दिसत होतं. चालू केली तर पंख्यानं कव्हराचा असा तुकडा पाडला, की वहिनी देवाचं नाव घेऊन गोठ्याबाहेर गेल्या.

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं, की ही गाडी आता आधीसारखीही होणार नाही आणि हवी तशीही होणार नाही. मी तुला फोन लावायचा म्हणून हातात घेतला आणि खाली ठेवला. फोनवर माझा रडवेला आवाज तुला ऐकू आला असता.

सकाळी माराइकेनं रेडिएटर त्याच्या चौकटीत वर सरकवला. पंखा मोकळा फिरला. फिल्टरचा डबा बसका मिळाला. बंपरच्या ब्रॅकेटना खाली नवी भोकं पाडली. एवढंच होतं ते!

दादा, आता महत्त्वाचं. काल दुपारी गाडी ट्रेलरवरून आणून माझ्या अंगणातल्या सपाट फरशीवर उभी केली. मी खुर्ची दारात लावली, फळी टाकली. वहिनी म्हणाल्या, थांब. त्या आत जाऊन माझं लाटणं घेऊन आल्या आणि त्यांनी ते फळीवर आडवं ठेवलं. आम्ही तिघी बघत राहिलो. लाटणं माझ्याकडे आलं नाही, सीटकडेही गेलं नाही. जागच्या जागी राहिलं.

मग मी सरकले. खांद्याला कळलंसुद्धा नाही. मी सीटवर होते, माझ्या दारानं, आणि स्टिअरिंग माझ्या हातात होतं. माराइके दुसरीकडे बघत नाक पुसत होती. मी इंजिन चालू केलं. पाय शांत होते. तुझं रबर सगळी थरथर पिऊन टाकत होतं.

मी परत खुर्चीत आले आणि परत सीटवर गेले. मग परत. वहिनी म्हणाल्या, "अगं, आता दमशील."

"नाही दमत," मी म्हणाले. "हेच तर."

वृंदा

द हेग, १८ ऑगस्ट

दादा,

हे पत्र समुद्रासमोर बसून लिहिते आहे. वहिनी पलीकडे बाकावर बसून बटाट्याचे तळलेले काप खात आहेत. माझ्या संशोधनाचा एवढा जवळून उपयोग त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

आधी तपासणीचं. चॅसीला हात लावलेली गाडी इथे तशीच रस्त्यावर आणता येत नाही. तपासणीचा माणूस उंच, वयस्क, पांढऱ्या मिशांचा होता. त्यानं गाडी लिफ्टवर घेतली, खाली दिवा घेऊन गेला आणि तुझ्या प्रत्येक त्रिकोणी पट्टीवरून बोट फिरवत गेला. मी तुझी आकृती आणि माझी मापं घेऊन बसले होते. त्यानं काहीच विचारलं नाही. मग हातानं दाबायचा ब्रेक बघितला, पायांपुढचा पडदा बघितला. मला म्हणाला, आता तुम्ही आत बसून दाखवा. मी फळी टाकली आणि बसून दाखवलं. त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "कोरिख." म्हणजे नीटनेटकं. माराइके सांगते, की त्याच्याकडून हा शब्द तिनं इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. मी म्हटलं, आमच्या घरात एक माणूस आहे, त्याच्या तोंडून तर तेवढाही निघत नाही. ती हसली. तूही हस.

आणि आज सकाळी आम्ही निघालो. वाखनिंगनहून थेट समुद्र. माराइके म्हणाली, मी मागून माझ्या गाडीतून येते, काही लागलं तर. मी नको म्हणाले. वहिनींना विचारलं, भीती वाटते का. त्या म्हणाल्या, विमानात एकटी बसले तेव्हा वाटली होती, आता सवय झाली.

हायवेवर लागले आणि मी ॲक्सिलरेटरचा लीव्हर ओढला. तुला सांगते, ते इंजिन इतके दिवस गोठ्यात खोकत होतं, त्यानं आज घसा मोकळा केला. डाव्या बाजूला कालवा, गायी, काचेची लांबच लांब हरितगृहं, आणि आम्ही दोघी. मग वहिनींनी हळूच काच खाली केली, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि केस उडू दिले. त्यांचे केस मोकळे मी तुमच्या लग्नानंतर पाहिले नव्हते. त्या म्हणाल्या, "यांना सांगू नकोस." मी सांगते आहे.

इथे शहरात शिरल्यावर एका चौकात ट्रामशेजारी थांबावं लागलं. ट्राम चालवणारी मुलगी गाडीकडे बघत होती, आणि मग तिला माझा हात दिसला, लीव्हरवरचा. तिचाही हात लीव्हरवरच होता. तिनं मान हलवली, मीही हलवली. सिग्नल सुटल्यावर आम्ही दोघी एकदमच निघालो. जिंकले मी.

समुद्रापाशी गाडी लावली. एक भला माणूस मदतीला धावत आला. मी त्याला म्हणाले, जरा बाजूला थांबा आणि बघा. मागच्या सीटवरची चाकं काढून खुर्ची जोडली, फळी टाकली, सरकले, फळी काढली, दार लावलं. त्यानं टाळ्या वाजवल्या. एरवी मला असल्या टाळ्यांचा राग येतो. आज आला नाही. आज मी त्या कमावल्या होत्या, आणि त्यातल्या अर्ध्या तुझ्या होत्या.

वहिनींचा फोन आत्ता वाजला. तूच होतास. वहिनी तुला सांगत होत्या, की गाडी रस्त्यावर नाही, तळ्यावर चालल्यासारखी वाटते. मग त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. तू म्हणालास, "मागच्या गाद्या कुरकुरतात का?"

"नाही."

"डाव्या वळणावर?"

"नाही, दादा."

"मग मी येऊन बघतो."

न कुरकुरणाऱ्या गाद्या बघायला कोणी सात समुद्र ओलांडून येत नाही, पण मी तुला तसं म्हणाले नाही. ये. व्हिसाचं चैत्राली बघेल. तुझी खोली तयार आहे. कप कपाटात आहेत, पुस्तकं फळ्यांवर आहेत, आणि कुठली वस्तू कुठे ठेवायची ते मी ठरवते. एवढं पाळलंस तर हवा तेवढा राहा.

आणि एक आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे आल्यावर वाद नको. पुढच्या सीटवर वहिनी बसतात. तुला मागे बसावं लागेल, माझ्या खुर्चीची चाकं मांडीवर घेऊन.

तुझी,
वृंदा